प्रा. वि. म. दांडेकर आणि बेकारांची मोजदाद

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी वर्गाला एक साधा प्रश्न केला होता. आपापल्या घरात बेकार किती आहेत, त्यांनी हात वर करावेत. वर्गात हशा पिकला. हात मात्र एकही वर आला नाही. मग सरांनी विचारले की, घरात मनासारखे आणि पुरेसे काम नसलेली माणसे किती? या वेळी निम्म्याहून अधिक हात वर आले. त्यांत माझाही होता. सरांनी काही न बोलता फळ्यावर एक नाव लिहिले : वि. म. दांडेकर. तास तिथेच संपला.

आम्हा विद्यार्थ्यांना हे नाव अगदीच अपरिचित होते असे नाही. दांडेकर आणि रथ, २,२५० उष्मांक, दारिद्र्यरेषा, १९७१ एवढा मजकूर आमच्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत कधी ना कधी लिहिलेला आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना दांडेकर समिती आणि प्रादेशिक अनुशेष ही जोडीही पाठ असते. पण ही दोन दांडेकर माणसे एकच आणि बेकारी मोजण्याची जी पद्धत आजतागायत देशात चालू आहे तिच्या मुळाशीही तेच, हे मला तोवर माहीत नव्हते. म्हणून ग्रंथालयातून जे मिळाले ते वाचून काढले. त्यातून मला जे दांडेकर दिसले ते इथे मांडतो.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्याचा. त्यांचे सारे कर्तृत्व मात्र पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत घडले. या संस्थेची स्थापना १९३० सालची. तिला देणगी देणारे रावबहादूर काळे हेही साताऱ्याचेच. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गाडगिळांनी संस्थेला एक शिस्त लावून दिली होती. आधी गावात जायचे, घरोघर विचारायचे, मोजायचे आणि मग बोलायचे. दांडेकर चाळीसच्या दशकात या संस्थेत आले ते संख्याशास्त्रज्ञ म्हणून. अर्थशास्त्र त्यांना चिकटले ते मोजता मोजता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पुढे १९६६ साली गाडगिळांनंतर संचालकपदाची धुरा त्यांच्याकडेच आली.

१९५० साली प्रा. महालनोबीस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. जगात इतक्या मोठ्या देशाची अशी घरोघरची पाहणी तोवर क्वचितच झाली असेल. तिच्या पहिल्या फेरीत कलकत्त्याला तयार झालेल्या प्रश्नपत्रिकांबरोबर पुण्याच्या गोखले संस्थेने तयार केलेल्या प्रश्नपत्रिकाही वापरल्या गेल्या. त्या पुणे प्रश्नपत्रिकांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला, तो दांडेकरांनी लिहिलेला. वयाच्या तिशीतच त्यांना एक गोष्ट उमगली असावी. उत्तर काय येणार हे पुष्कळसे प्रश्न कसा विचारला यावर ठरते. पुढच्या सगळ्या आयुष्यात ही गोष्ट ते विसरलेले दिसत नाहीत.

त्याच दशकात त्यांनी कुळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली आणि म. भा. जगताप यांच्यासमवेत महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजरचनेवर मराठीत पुस्तक लिहिले. इंग्रजीत लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ आपल्याकडे पुष्कळ झाले. मराठी वाचकासाठी मराठीत लिहिणारे थोडे. दांडेकर त्या थोड्यांपैकी.

आता मुख्य विषयाकडे येतो. बेकारी का निर्माण होते, याचे उत्तर आमच्या क्रमिक पुस्तकात केन्स देतो. १९३६ साली त्याने सांगितले की, बाजारात एकूण मागणी कमी पडते म्हणून कारखाने थांबतात आणि कामगार घरी बसतात. यंत्रे आहेत, कामगार आहेत, कमतरता फक्त गिऱ्हाइकाची. सरकारने खर्च वाढवला की चाक पुन्हा फिरू लागते. इंग्लंड-अमेरिकेपुरते हे ठीक होते. पण आपल्याकडे जिथे यंत्रच नाही, पाणी नाही आणि जमीन तीन भावांत वाटून एकेकाच्या वाट्याला दीड एकर आलेली आहे, तिथे नुसती मागणी वाढवून काय होणार? डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभीच हा आक्षेप घेतला होता. दांडेकर याच प्रश्नाकडे शेतीच्या बाजूने आले.

१९६२ साली ऑक्सफर्डच्या एका नियतकालिकात त्यांचा आर्थिक सिद्धान्त आणि जमीनसुधारणा यांवर निबंध आला. त्यातला विचार मी माझ्या शब्दांत सांगतो. कारखानदार नफ्यासाठी माणूस ठेवतो. ज्याच्या कामाने मजुरीइतकेही उत्पन्न वाढत नाही त्याला तो काढून टाकतो. शेतकरी कुटुंबाला हे करता येत नाही. धाकटा भाऊ शेतावर जादा झाला म्हणून थोरला त्याला नोटीस देत नाही. तोही त्याच चुलीवरची भाकरी खातो, त्याच बांधावर राबतो आणि गणनेत शेतकरी म्हणून नोंदला जातो. जमीन आणि भांडवल यांच्या मानाने माणसे फार झाली की शेती हाच बेकारांचा आसरा होऊन बसतो. मग बेकारी डोळ्यांना दिसत नाही. ती ताटातल्या भाकरीच्या चतकोरात वाटली जाते.

हे वाचत असताना मला आमच्या उपनगरातली एक गोष्ट आठवली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ती आहे, पण आमच्या इमारतीतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे आमच्या घाटकोपरचे. खाणकामगारांवर उपचार करता करता त्यांचे पुढारी झालेले डॉक्टर. संप लांबला तसे हजारो गिरणीकामगार बायकामुलांसह कोकणात, साताऱ्या-सांगलीला आपल्या गावी निघून गेले. तिथे ते भावाच्या शेतात उभे राहिले. त्या वेळी त्या गावी कोणी पाहणीदार गेला असता तर त्याला बेकार गिरणीकामगार दिसला असता की शेतकरी? दांडेकरांचा वीस वर्षे आधीचा निबंध मला त्या प्रश्नाने समजला. पुस्तकातल्या आकृतीने समजला नव्हता.

दांडेकर या विषयातले मानकरी ठरले ते १९६८ ते १९७० या दोन वर्षांमुळे. त्याआधीची परिस्थिती अशी होती की, प्रत्येक पंचवार्षिक योजनेच्या आरंभी नियोजन मंडळ देशातल्या शिल्लक बेकारांचा एक आकडा जाहीर करी. दुसऱ्या योजनेच्या वेळी तो ५३ लाख होता, पैकी २५ लाख शहरांत आणि २८ लाख खेड्यांत. योजनेच्या काळात कामासाठी नव्याने उभे राहणारे त्यांत मिळवायचे, योजनेतून निर्माण होणारे रोजगार वजा करायचे, जी बाकी उरेल ती पुढच्या योजनेच्या खात्यावर ओढायची. किराणा दुकानदाराच्या वहीसारखा हा हिशेब होता. दर योजनेला बाकी वाढतच चालली होती. संसदेत ओरड होई, वर्तमानपत्रांत मोठे मथळे येत. पण या आकड्याचा पाया काय, हे कोणी नीट तपासले नव्हते.

१९६८ साली नियोजन मंडळाने बेकारीच्या अंदाजांचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दांडेकरांना दिले. त्या वेळी मंडळाचे उपाध्यक्ष होते खुद्द गाडगीळ. गुरूच्या मंडळाने काढलेले आकडे तपासण्याचे काम शिष्याकडे आले. शिष्याने १९७० साली अहवाल दिला आणि त्यात सरळ सांगितले की, हे आकडे टाकून द्यावेत. नुसते चुकीचे आहेत म्हणून नव्हे. भारतासारख्या देशात बेकारांचा असा एकच एक आकडा काढणे यालाच फारसा अर्थ नाही म्हणून.

समितीपुढे तेव्हा तीन साधने होती आणि तिन्ही लंगडी होती. पहिले साधन सेवायोजन कार्यालयांतली नोंदणी. तिथे नाव घालणे ऐच्छिक. कार्यालये शहरांत, त्यामुळे खेड्यातला मजूर तिथे पोचतच नाही. उलट ज्याला आधीच लहानशी नोकरी आहे पण बरी हवी आहे, तो नाव घालून मोकळा होतो. दुसरे साधन जनगणना. १९६१ च्या जनगणनेत हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाच्या बऱ्याचशा काळात दिवसाला तासाभराहून अधिक काम करणारालाही काम करणारा धरले होते. त्यामुळे काम करणाऱ्यांची संख्या फुगली. पुढे १९७१ साली मुख्य व्यवसाय कोणता असे विचारायचे ठरले. लगेच काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या एकदम घसरली. दहा वर्षांत देशातल्या बायकांनी काम सोडले नव्हते, प्रश्न बदलला होता. तिसरे साधन राष्ट्रीय नमुना पाहणी. ती त्यांतल्या त्यात बरी, पण तिच्या व्याख्या फेरीगणिक बदलत असत.

समितीचे म्हणणे मुळात असे होते. जिथे बहुतेक माणसे पगारी नोकर असतात तिथे नोकरी आहे किंवा नाही असे दोन कप्पे करता येतात. इथे बहुतेक माणसे स्वतःच्या शेतात, दुकानात, व्यवसायात काम करतात, नाहीतर रोजंदारीवर जातात. वर्षातले काही महिने ढोरासारखे राबतात आणि काही महिने पारावर बसून काढतात. मुंबईतला बी.कॉम. झालेला तरुण, मराठवाड्यातली भूमिहीन मजूर स्त्री आणि कोकणातला खंडाने जमीन करणारा कूळ या तिघांची बेरीज करून तीन बेकार असे लिहिण्याने काय कळते? तिघांची कारणे वेगळी, उपायही वेगळे. म्हणून समितीने सुचवले की, बेकारीची माहिती प्रदेश, शहर-खेडे, स्त्री-पुरुष, वय, शिक्षण आणि कामाचा प्रकार अशा तुकड्यांनी गोळा करावी आणि तशीच मांडावी. चौथ्या योजनेतून शिल्लक बेकारांचा तो प्रसिद्ध आकडा गाळला गेला. काही टीकाकारांनी म्हटले की, बेकारी हटवता येईना म्हणून सरकारने आकडाच हटवला. मला स्वतःला या टीकेत थोडे तथ्य वाटते. आकडा नसला की जाब विचारणे अवघड होते आणि राज्यकर्त्यांना ते सोयीचे असते. परंतु दांडेकरांनी आकडा काढून घेतला तो त्या जागी अधिक बारीक मोजमाप ठेवण्यासाठी, हेही तितकेच खरे.

ते मोजमाप प्रत्यक्षात आले नमुना पाहणीच्या सत्ताविसाव्या फेरीत, म्हणजे ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात. एकाच माणसाला तीन भिंगांतून पाहायचे ठरले. पहिले भिंग वर्षाचे. गेल्या ३६५ दिवसांत हा माणूस बहुतांश काळ काय करत होता? याला नेहमीची स्थिती म्हणतात. दुसरे भिंग आठवड्याचे. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केले असेल तर तो कामावर, ही साप्ताहिक स्थिती. तिसरे भिंग दिवसाचे आणि तेच सगळ्यांत बारीक. आठवड्याचा एकेक दिवस घ्यायचा, त्याचे दोन अर्धे करायचे. चार तास किंवा अधिक काम केले तर पूर्ण दिवस, एक तास ते चार तास केले तर अर्धा दिवस. काम नव्हते पण मिळाले असते तर केले असते, असा अर्धा दिवस बेकारीच्या खात्यावर. इथे माणसे मोजली जात नाहीत, माणसांचे दिवस मोजले जातात.

हे सारे वर्गात समजते आणि परीक्षेनंतर विसरते. ते विसरू नये म्हणून मी एक उद्योग केला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही सकाळी आठच्या सुमारास स्टेशनाबाहेर पडा, एखाद्या नाक्यावर पन्नास-शंभर माणसे उभी दिसतात. कोणाच्या हातात रंगाचा ब्रश, कोणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, बिगारी मात्र रिकाम्या हातांचा. मुकादम किंवा घरमालक येतो, भाव ठरतो, दोघे-चौघे त्याच्यामागून जातात. दहा-साडेदहानंतर उरलेले पांगतात. अशाच एका नाक्यावरच्या जालना जिल्ह्यातल्या एका बिगाऱ्याला मी त्याच्या आठवड्याचा हिशेब विचारला. सोमवारी स्लॅबचे काम, पूर्ण दिवस. मंगळवारी काही नाही. बुधवारी एका टेम्पोतल्या लाद्या उतरवल्या, दोनेक तास. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी पूर्ण दिवस. शनिवारी नाक्यावर उभा राहिला, काम मिळाले नाही. रविवारी तो नाक्यावर गेलाच नाही, कपडे धुतले आणि झोप काढली.

आता भिंगे लावून पाहू. वर्षाच्या भिंगातून तो मजूर आहे, बेकार नाही. आठवड्याच्या भिंगातूनही नाही, कारण तीन दिवस त्याने तासाभराहून अधिक काम केले. दिवसाच्या भिंगातून मात्र निराळे दिसते. रविवार सोडला तर सहा दिवस तो कामाला तयार होता. त्यांतले अडीच दिवस काम मिळाले आणि साडेतीन दिवस बेकारीत गेले. म्हणजे अर्ध्याहून अधिक. माणूस तोच, आठवडाही तोच.

१९७२-७३ च्या फेरीतही सबंध देशाच्या बाबतीत असेच घडले. नेहमीच्या स्थितीने बेकारीचे प्रमाण सुमारे १.६ टक्के निघाले, साप्ताहिक स्थितीने सुमारे ४.३ टक्के आणि दैनिक स्थितीने सुमारे ८.३ टक्के. पहिला आकडा ऐकून परदेशी पाहुण्याला वाटावे की, भारतात बेकारी इंग्लंडपेक्षाही कमी. कारण सोपे आहे. वर्षभर काहीही न करता बसणे गरिबाला परवडतच नाही. बेकार राहायलाही घरात कोणीतरी कमावता असावा लागतो. म्हणून वर्षाच्या भिंगात जे बेकार दिसतात त्यांत शिकलेली आणि घरचा आधार असलेली मुले अधिक असतात. गरिबाची बेकारी दिवसांच्या आणि अर्ध्या दिवसांच्या चिल्लरीत विखुरलेली असते. दिल्लीचे प्रा. राज कृष्ण यांनी १९७३ साली या चर्चेत आणखी भर घातली. वेळ, उत्पन्न, अधिक काम करण्याची तयारी आणि उत्पादकता अशा चार कसोट्यांवर बेकार कोण ते वेगवेगळे ठरते, असे त्यांनी दाखवले.

या फेरीपासून दर पाच वर्षांनी अशी मोठी पाहणी होत राहिली. २०१७ पासून तिची जागा नियतकालिक श्रमशक्ती पाहणीने घेतली. २०१७-१८ साली नेहमीच्या स्थितीनेच बेकारी ६.१ टक्के निघाली तेव्हा केवढा गदारोळ झाला! चाळीस-पंचेचाळीस वर्षांतला सर्वांत मोठा आकडा म्हणून तो गाजला. त्या चर्चेतले स्थिती, भिंग, संदर्भकाळ हे सगळे शब्द दांडेकर समितीच्या वाटेनेच आलेले होते. २०२३-२४ साली तोच आकडा ३.२ टक्क्यांवर आला. तो उतरला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी आणि तो खोटा म्हणणाऱ्यांनीही आधी कोणते भिंग लावले होते ते पाहावे. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात लावणारा माणूसही त्यात कामावर धरला जातो. १९६२ च्या निबंधातला धाकटा भाऊ तो हाच.

समितीचा अहवाल देऊन दांडेकर स्वस्थ बसले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी लिहिलेला भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मुंबईहून निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकात आला आणि मग पुस्तकरूपाने निघाला. त्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तो आपल्या सर्वांना पाठ आहे. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायचे तर १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिन्याला माणशी सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात. एवढाही खर्च करू न शकणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के. या आकड्यांवर पुढे दहा-बारा वर्षांनी पुण्यातच मोठा वाद झाला. प्रतिपक्षी होते पोषणशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे जाणकार डॉ. पां. वा. सुखात्मे. एकाच माणसाची उष्मांकांची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते, तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरू नये, असे सुखात्म्यांचे म्हणणे. दांडेकरांनी ते मान्य केले नाही. सुखात्मेही सातारा जिल्ह्यातलेच. एकाच जिल्ह्यातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी देशात उपाशी कोण यावर इतक्या निकराने भांडावे, याची मला मोठी गंमत वाटते.

त्या पुस्तकाचा उत्तरार्ध विद्यार्थी सहसा वाचत नाहीत. त्यात उपाय आहे. सर्वांना पुरेल इतकी जमीन वाटपासाठी नाहीच, तेव्हा ज्याला काम हवे त्याला सार्वजनिक कामांवर ठरावीक मजुरीने काम द्यावे आणि त्याचा खर्च सधन वर्गाकडून करांच्या रूपाने घ्यावा, असा त्याचा आशय. त्याच सुमारास महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकार घेत होती. १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणारी, बंधारे घालणारी. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. सबंध देशासाठी संसदेने तसा कायदा केला तो २००५ साली.

या योजनेचा आपल्या उपनगरांशी संबंध काय, असे कोणी विचारील. वडिलांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला मी लहानपणापासून पाहत आलो आहे, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली सुरू झाला तो रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. बोरिवलीहून चर्चगेटला आणि मुलुंडहून व्हीटीला लोंबकळत जाणाऱ्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या पाझर तलावाची मजुरी निघत होती. हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी पत्रक पुन्हा उघडून पाहिले.

या योजनेवर आणखी एक दांडेकर मन लावून काम करत होत्या. प्रा. दांडेकरांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर, याच संस्थेतल्या लोकसंख्याशास्त्रज्ञ. रोजगार हमीच्या कामांवर स्त्रिया किती आणि का येतात याचा अभ्यास त्यांनी केला आणि १९८३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. घरापासून जवळ, मुकादमाची मर्जी न राखता मिळणारे काम असले की बायका मोठ्या संख्येने येतात, असे त्या कामांवर दिसून आले. ज्यांना जनगणनेने काम न करणाऱ्या म्हणून सोडून दिले होते त्याच या बायका.

आता जी गोष्ट आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही तीही सांगितली पाहिजे. दांडेकर कोणत्याच पक्षाला सोयीचे नव्हते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लिहिले की, भारतातला खरा वर्गसंघर्ष मालक आणि कामगार यांच्यातला नसून संघटित आणि असंघटित यांच्यातला आहे. कायम नोकरीतला कामगार आणि त्याचा मालक भांडत असले तरी दोघेही एकाच छपराखाली उभे आहेत आणि छपराबाहेर भिजणारे फार मोठे आहेत, असा त्या लिखाणाचा मथितार्थ मला समजला. बँकेत, विम्यात, रेल्वेत नोकरी करणाऱ्या आपल्या आईवडिलांना हे ऐकून राग येईल. मलाही आला. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यातले कारखाने बंद पडत गेले, त्या जमिनींवर मॉल आणि तीस-तीस मजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा छपराखालच्यांनाही पाऊस लागला. दांडेकरांनी संघटित कामगाराचे छप्पर जितके पक्के मानले तितके ते नव्हते, असे मला वाटते. पण नाक्यावरच्या त्या बिगाऱ्यापुढे उभे राहून त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे सांगण्याचा धीर मला होत नाही.

१९८३ साली महाराष्ट्र शासनाने प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष पुन्हा दांडेकर. १९८४ च्या अहवालात त्यांनी रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, विजेचे पंप यांत राज्याच्या सरासरीच्या मागे कोणता जिल्हा किती, हे मोजून त्याची किंमत रुपयांत मांडली. ती तीन हजार कोटींहून अधिक भरली. तोच तो अनुशेष. ज्या गृहस्थाने १९७० साली बेकारांची शिल्लक बाकी काढू नका म्हणून सांगितले, त्यानेच चौदा वर्षांनी विकासाची शिल्लक बाकी काढून दिली, ही विसंगती मला प्रथम खटकली. नंतर वाटले, विसंगती नसावी. रस्त्याचा किलोमीटर हा विदर्भात आणि कोकणात किलोमीटरच असतो, त्याची बेरीज करता येते. बेकार माणसाची तशी बेरीज करता येत नाही. ज्याची बेरीज होते त्याची त्यांनी केली.

पीकविम्याचा पाया शेतकऱ्यागणिक नुकसान न धरता सबंध क्षेत्राचे उत्पन्न धरावे, ही सूचनाही त्यांचीच आणि १९८५ ची देशव्यापी योजना त्याच तत्त्वावर आली. लोणावळ्याला त्यांनी राजकीय अर्थशास्त्राची एक स्वतंत्र संस्था उभी केली. १९८९ पासून तिचे नियतकालिक निघू लागले आणि अखेरची वर्षे त्यांनी त्यातच घातली. ३० जुलै १९९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

लेख संपवण्यापूर्वी घरची एक गोष्ट सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहिला गेला. माझा मोठा भाऊ बी.कॉम. होऊन तीन वर्षे झाली. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि संध्याकाळी दोन तास दहावीच्या मुलांची शिकवणी घेतो. आई साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. एका रविवारी मी पाहणीतले प्रश्न वहीत उतरून घेतले आणि घरातल्या सर्वांना ओळीने विचारले. आईच्या कामाच्या रकान्यात काय लिहायचे ते वडिलांनी आईच्या आधीच सांगून टाकले, गृहिणी. मग आईनेच त्या आठवड्यातल्या साड्या मोजल्या. अकरा निघाल्या आणि प्रत्येकीला लागलेला वेळ मिळवला तर तिचे चार पूर्ण दिवस भरले. वडील गप्प झाले.

दादाच्या नावापुढे तिन्ही भिंगे तीन उत्तरे देत होती. वर्षाच्या भिंगातून तो मुख्यतः बेकार, पण शिकवणीचे जोडकाम धरले तर कामावर. आठवड्याच्या भिंगातून कामावर. दिवसाच्या भिंगातून रोज अर्धा दिवस कामावर आणि उरलेला अर्धा दिवस कामाला तयार. या शेवटच्या उत्तराशी दादा थांबला. तयार हा शब्द त्याने मला दोनदा वाचायला लावला. घरात त्याच्याविषयी बोलताना तो शब्द आजवर कोणी वापरला नव्हता. मग साडेपाच वाजले, शिकवणीची मुले जिना चढून वर आली आणि वही मला बंद करावी लागली.